वाचकांचे प्रश्न : मुलांना देशांतील राज्ये आणि प्रांत कसे शिकवावेत?

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा विषय एकच आहे, अशी पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. जगातील देश मुलांना लवकर कळतात, परंतु त्या देशांच्या पोटातील राज्ये, प्रांत आणि परगणे शिकवताना घरी आणि वर्गात अडचण येते, असे या सर्वांचे म्हणणे आहे. सीमाभागातील मुलांच्या बाबतीत हा विषय पुस्तकापुरता राहत नाही, म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकतो. त्याच्या मामाने त्याला तुकडे जोडून अमेरिकेचा नकाशा तयार करण्याचा खेळ आणून दिला आणि त्यावरून त्याची सर्व ५० राज्यांची नावे पाठ झाली. पण परवा त्याने विचारले, "कॅनडा हे अमेरिकेचे कितवे राज्य?" आणि लगेच, "युरोपची राजधानी कोणती?" त्याचा पाया कच्चा राहिला असे वाटते. सुरुवात कोठून करावी?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, मुलाचा पाया कच्चा आहे असे मला वाटत नाही. त्याच्याजवळ नावे भरपूर आहेत. काय कशात सामावते, हे मात्र त्याला कोणी करून दाखवलेले नाही. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश आणि खंड ही चढण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला नुसती ऐकून उमजत नाही. त्यासाठी घरात सहज मिळणारे उत्तम साधन म्हणजे पत्ता. त्याला एका पोस्टकार्डावर आपल्या घराचा पत्ता एकेका ओळीत लिहायला सांगावा : गल्ली, निपाणी, जिल्हा बेळगाव, कर्नाटक, भारत. त्याच्या शेजारी कोल्हापुरातील एखाद्या नातेवाइकाचा पत्ता लिहून घ्यावा. आता दोन्ही पत्ते ओळीला ओळ लावून वाचताना गाव वेगळे, जिल्हा वेगळा, राज्यही वेगळे आणि शेवटच्या ओळीत पुन्हा दोघे एकत्र, हे त्याचे त्यालाच दिसेल. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, तरीही आपल्या पत्त्यात बेळगाव येते, ही गोष्ट त्याच्या लक्षात आणून द्यावी, कारण राज्य अंतरावरून ठरत नाही, ते कारभारावरून ठरते, हे त्याला येथेच समजते. पिनकोडही पाहू द्यावा. १९७२ साली सुरू झालेल्या या क्रमांकात निपाणीच्या बाजूला पहिले दोन अंक ५९ येतात, तर कागल-कोल्हापूरच्या बाजूला ४१.

एवढे झाले की हाच खेळ परदेशात न्यावा. शिकागो, इलिनॉय, अमेरिका. टोरांटो, ऑन्टारियो, कॅनडा. म्युनिक, बव्हेरिया, जर्मनी. असे तीन पत्ते एकाखाली एक लिहिले की कॅनडा अमेरिकेच्याच ओळीत, म्हणजे देशाच्या ओळीत बसतो, हे वेगळे सांगावे लागत नाही आणि युरोप देशाच्या जागी कोठेच येत नाही, तो देशाच्याही वरची पायरी आहे, हेही दिसून येते. येथे एक बारकावा मुलांना फार आवडतो. जपानमध्ये पत्ता आपल्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. आधी प्रीफेक्चर (म्हणजे तेथील प्रांत), मग शहर, मग वस्ती. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात राज्याचे संक्षिप्त नाव पत्त्यात लिहितातच, परंतु फ्रान्समध्ये पत्त्यात प्रदेशाचे नाव लिहीत नाहीत; तेथे टपाल क्रमांकाचे पहिले दोन अंक सामान्यतः जिल्ह्यासारख्या विभागाकडे निर्देश करतात. कोणत्या देशात राज्याला किती वजन आहे, याची पहिली चाहूल मुलाला अशा पत्त्यांतूनच लागते.

एकाच नावामुळे होणारा गोंधळही याच पद्धतीने सुटतो. पंजाब हे भारतातील राज्य आहे आणि त्याच नावाचा प्रांत पाकिस्तानातही आहे. जॉर्जिया हे अमेरिकेतील एक राज्य आहे आणि कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी असलेला स्वतंत्र देशही आहे. नाव एकच असले तरी पत्त्यात ते कोणत्या ओळीत आले, यावरून उत्तर मिळते. मामाचा खेळ काढून घेऊ नये. ज्या मुलाला ५० नावे आनंदाने पाठ झाली, त्याला पुढची पायरी त्याच आनंदात चढता येईल.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवतो. देश, राज्ये आणि राजधान्या यांची यादी मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. शिवाय एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, राज्य नसते तर काय बिघडले असते?" मला नीट उत्तर देता आले नाही. राज्य म्हणजे काय हे यादीशिवाय कसे शिकवावे?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, त्या मुलाचा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे आणि माझे मत असे, की यादी त्या प्रश्नानंतर यावी. राज्याचे नाव आणि राजधानी सांगून मुलाला राज्य कळत नाही. राज्य काय करते हे पाहिले की कळते. या बाबतीत आपल्या भागातील मुलांना जे डोळ्यांसमोर मिळते, ते पुण्या-मुंबईच्या मुलांना कोणत्याही पुस्तकातून मिळणार नाही.

शक्य असेल तर वर्गाला बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याने शिनोळीपर्यंत न्यावे. बेळगाव तालुका संपतो आणि चंदगड तालुका सुरू होतो, त्या ठिकाणी माती तीच, पाऊस तोच आणि दोन्ही बाजूंच्या घरांतील बोलणेही तेच असते. मग बदलते काय, हे मुलांना वहीत लिहू द्यावे. गाड्यांच्या पाट्यांवर 'केए २२'ऐवजी 'एमएच ०९' अधिक दिसू लागते. सरकारी पाट्यांवरची कन्नड अक्षरे दिसेनाशी होतात. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसऐवजी एस. टी. दिसते. विजेचे बिल इकडे हेस्कॉमचे, तिकडे महावितरणचे. पेट्रोलचा दर वेगळा, कारण त्यावर राज्याचा कर असतो. पोलीस ठाण्यावरचे नाव वेगळे. इकडच्या मुलांची एस.एस.एल.सी. कर्नाटकाच्या मंडळाची, तिकडच्या मुलांची दहावी महाराष्ट्राच्या मंडळाची. आणि न बदलणाऱ्या गोष्टींची दुसरी यादीही तितकीच महत्त्वाची आहे : नोटा त्याच, टपालाचे तिकीट तेच, रेल्वे तीच, सैन्य तेच. पहिली यादी म्हणजे राज्याचे काम आणि दुसरी म्हणजे देशाचे काम. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशी जी विभागणी आहे, ती मुलांनी अशा रीतीने रस्त्यावरच वाचलेली असते. पोलीस आणि शेती हे विषय राज्यांकडे आहेत. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, म्हणून त्यात दोघांचाही वाटा आहे.

सहल काढणे जमत नसेल तर सीमेच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन नातेवाइकांची दोन वीजबिले आणि दोन रेशनकार्डे वर्गात मागवली तरी निम्मे काम होते.

यानंतर परदेशाकडे वळताना मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगेन : तुझ्या शाळेच्या सुट्ट्या कोण ठरवतो? कॅनडात १० प्रांत आणि ३ प्रदेश आहेत आणि तेथे शिक्षण पूर्णपणे प्रांतांच्या हाती आहे. देशपातळीवर शिक्षणमंत्रालयच नाही. जर्मनीतील १६ राज्ये आपापल्या शाळांचा कारभार पाहतात आणि उन्हाळ्याची सुट्टी सर्वांनी एकाच वेळी घेतली तर रस्ते आणि रेल्वे तुंबतील, म्हणून ती राज्याराज्यांत वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू होते. बव्हेरियातील मुले शाळेत परततात तेव्हा सप्टेंबरचा मध्य आलेला असतो. याउलट जपानमध्ये ४७ प्रीफेक्चर आहेत, त्यांना निवडून आलेले गव्हर्नरही आहेत, परंतु मूळ सत्ता एका मध्यवर्ती सरकारची आहे. फ्रान्समध्ये तर युरोपातील भूभागावरील २२ प्रदेशांचे संसदेने कायदा करून २०१६ पासून १३ प्रदेश केले. ज्या देशात राज्यांचे अधिकार घटनेनेच बांधून दिलेले असतात तो संघराज्य, आणि जेथे ते मध्यवर्ती सरकार देते व मागेही घेऊ शकते तो एकात्म देश, एवढा भेद सहावी-सातवीच्या मुलांना या उदाहरणांतून पुरेसा समजतो. भारत या दोहोंच्या मधे कोठेतरी आहे, हेही सांगावे. आपल्याकडे राज्यांचे अधिकार घटनेत आहेत, परंतु अनुच्छेद ३ नुसार संसद नवे राज्य करू शकते किंवा जुन्याच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, ते मानण्याचे बंधन नाही. अमेरिकेत एखाद्या राज्याचा भाग तोडून नवे राज्य करायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती घटनेनेच आवश्यक केली आहे. शेजारीशेजारी ठेवलेली ही दोन उदाहरणे वर्गात चांगली चर्चा घडवतात.

सीमेवरची गावे जगभर आहेत, हेही आपल्या मुलांना अवश्य दाखवावे. आपण एकटेच असे आहोत, ही भावना त्यामुळे कमी होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यातील कूलंगट्टा आणि न्यू साउथ वेल्समधील ट्वीड हेड्स ही एकमेकांना चिकटलेली गावे आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, क्वीन्सलँडमध्ये करत नाहीत, त्यामुळे रस्ता ओलांडला की वेळ बदलते आणि नवे वर्ष तासाभराच्या अंतराने दोनदा साजरे करता येते. अमेरिकेत ब्रिस्टल गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया यांची सीमा जाते. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नवापूरचे रेल्वेस्थानक. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. राज्याची सीमा शेताच्या बांधासारखी ओलांडता येते, तेथे पासपोर्ट लागत नाही, हा देशाच्या सीमेपासूनचा मोठा फरक आहे आणि तो लहान मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो, कारण नकाशात दोन्ही रेषा जवळजवळ सारख्याच दिसतात.

नद्यांचाही उपयोग करावा. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे तेलंगण व आंध्र प्रदेशातून समुद्राकडे जाते. तुमच्याच तालुक्यातील कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. ज्या मुलाने ही वळणे बोटाने गिरवली, त्याला पाणीवाटपासाठी राज्याराज्यांत लवाद का नेमावे लागतात, हे पुढे फारसे समजावून द्यावे लागणार नाही. अमेरिकेच्या नकाशात मिसिसिपी नदी अनेक राज्यांची सीमा झाली आहे, तर पश्चिमेकडची युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्ये सरळ रेषांनी आखल्यामुळे एकाच बिंदूत मिळतात. वेडीवाकडी रेषा बहुधा नदी-डोंगरांनी किंवा जुन्या वहिवाटीने घडवलेली असते, सरळ रेषा बहुधा कचेरीत पट्टी ठेवून ओढलेली असते, एवढा नियम मुलांना नकाशा वाचताना पुष्कळ पुरतो.

प्रश्न : मी सातवीत शिकते. बेळगावात सुवर्ण विधानसौध आहे आणि तेथे अधिवेशनही भरते, मग कर्नाटकाची राजधानी फक्त बेंगळुरूच का? आणि राजधानी नेहमी सर्वांत मोठे शहरच असते का?
— एक विद्यार्थिनी, चिक्कोडी

उत्तर : बाळ, तुझे दोन्ही प्रश्न चांगले आहेत. राजधानी म्हणजे जेथे राज्याचे सरकार, सचिवालय आणि मंत्र्यांची कार्यालये कायमची असतात ते शहर. कर्नाटकाच्या बाबतीत ते बेंगळुरू आहे. सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते झाले आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेथे भरते; अधिवेशन संपले की कारभार पुन्हा बेंगळुरूहून चालतो. महाराष्ट्रातही असेच आहे. राजधानी मुंबई, आणि हिवाळी अधिवेशन नागपूरला, कारण १९५६ पर्यंत नागपूर हे तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर त्या शहराचा मान राखण्याचे ठरले होते. दक्षिण आफ्रिकेने तर कामेच वाटून टाकली आहेत : सरकार प्रिटोरियात, संसद केपटाउनला, आणि वरिष्ठ अपील न्यायालय ब्लूमफाँटेनला. चंडीगड याच्या उलट आहे. तेथे एकच शहर पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे आणि ते स्वतः मात्र केंद्रशासित प्रदेश आहे.

राजधानी सर्वांत मोठे शहर असलेच पाहिजे असे नाही. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी आहे आणि कॅलिफोर्नियाची सॅक्रामेंटो. सिडनी आणि मेलबर्न यांपैकी कोणाला मान द्यावा यावर एकमत होईना, म्हणून ऑस्ट्रेलियाने कॅनबेरा हे नवे शहर वसवले आणि १९२७ साली संसद तेथे नेली. नायजेरियाने १९९१ साली राजधानी लागोसहून देशाच्या मध्यभागी अबुजाला हलवली, कारण लागोस समुद्रकाठी एका टोकाला होते. कोणत्याही राजधानीचे नाव वाचलेस की ती तेथेच का, हे शोध. नावे आपोआप लक्षात राहतील.

प्रश्न : माझे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सीमाप्रश्नाचे लढे मी जवळून पाहिले आहेत. नातू चौथीत आहे. गेल्या १ नोव्हेंबरला शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमच्या गल्लीत निषेधाचा काळा दिवस, असे दोन्ही पाहून त्याने विचारले, "आजोबा, आपण मराठी आहोत, तर आपले राज्य कर्नाटक कसे?" मी बोलू लागलो आणि माझा आवाज चढला. मुलाला कडवटपणा न देता खरे कसे सांगावे?
— एक आजोबा, बेळगाव

उत्तर : आजोबा, आपल्या पत्रातील अखेरचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. प्रश्न टाळावा असे आपल्याला वाटले नाही, याबद्दल मला आपल्याविषयी मोठा आदर वाटतो. आपल्या भागात पुष्कळ घरांमध्ये हा प्रश्न "तू मोठा झालास की कळेल" म्हणून थांबवला जातो, आणि मग मूल त्याचे उत्तर रस्त्यावरच्या घोषणांतून घेते.

चौथीच्या मुलाला एवढे सांगितले तरी पुरेल : देशाचा कारभार नीट चालावा म्हणून माणसांनी राज्यांच्या रेषा आखल्या, आखताना बहुतेक ठिकाणी भाषा पाहिली, परंतु जेथे दोन भाषांची माणसे गावोगाव मिसळून राहतात, तेथे कोठेही रेषा ओढली तरी काही माणसे पलीकडे राहतात. आपले घर अशा जागी आहे. आपली भाषा मराठी आहे, आपला देश भारत आहे आणि आपले राज्य आज कर्नाटक आहे. ही तिन्ही वाक्ये खरी आहेत आणि ती एकमेकांना खोटे पाडत नाहीत. काहींना ही रेषा मान्य आहे, आपल्यासारख्या अनेकांना ती मान्य नाही, आणि त्याचा निर्णय न्यायालयात मागितलेला आहे. एवढे सांगून मुलाचा पुढचा प्रश्न येईपर्यंत थांबावे. लहान मुले त्यांना पेलेल तेवढेच विचारतात.

सातवी-आठवीत गेला की तारखा द्याव्यात, आणि त्या क्रमाने द्याव्यात. १९५३ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे सदस्य होते. त्यानंतर झालेल्या कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ पासून देशात १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश झाले आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९६६ मध्ये या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला आणि त्याने १९६७ मध्ये, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे आणि निपाणी, खानापूर, नंदगड यांसह काही भाग महाराष्ट्राला द्यावा, अशा शिफारशी केल्या. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हे सारे कोणतेही विशेषण न लावता सांगता येते आणि तसे सांगितल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. आपण स्वतः काय पाहिले, कोणाला तुरुंगात जाताना पाहिले, हे आपले अनुभव म्हणून वेगळे सांगावे. तेही मुलाला मिळायला हवे, परंतु इतिहासाची तारीख आणि आजोबांची आठवण यांतला फरक त्याला कळला पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सुचवतो. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या भागांत महाराष्ट्रात राहणारी कन्नड भाषिक कुटुंबे आहेत, आणि तेथील मुलगाही आपल्या आजोबांना हाच प्रश्न विचारत असेल, हे नातवाला सांगावे. त्याच्या वर्गात किंवा शेजारी कन्नड बोलणारा मित्र असेल तर हे सांगणे अधिकच आवश्यक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. तो नियम बेळगावच्या मराठी मुलाइतकाच अक्कलकोटच्या कन्नड मुलासाठीही आहे. ही समज नातवाला आली तर तो आपल्या हक्काविषयी बोलताना कोणाचा द्वेष करणार नाही.

मग त्याला जगातील उदाहरणे द्यावीत, कारण रेषांचे असे प्रश्न इतरांनी कसे हाताळले, हे समजणे त्याच्या कामाचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न हा कँटन (म्हणजे तेथील राज्य) मुख्यतः जर्मन भाषिक, आणि त्यातील जुरा भागातील लोक फ्रेंच बोलणारे. दीर्घ चळवळीनंतर, गावोगावी मतदान घेत, १ जानेवारी १९७९ रोजी जुरा हा स्वतंत्र कँटन झाला. मात्र दक्षिणेकडील काही फ्रेंच भाषिक भागांनी बर्नमध्येच राहण्याचा कौल दिला आणि तोही मानला गेला. सीमेवरच्या मूतिये गावाचा प्रश्न त्यानंतरही कितीतरी वर्षे रेंगाळला. २०१७ च्या मतदानात गैरप्रकार आढळल्यामुळे ते रद्द झाले, २०२१ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून ते गाव बर्नमधून जुरामध्ये गेले. इटलीतील दक्षिण टिरोलची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पहिल्या महायुद्धानंतर तो जर्मन भाषिक प्रदेश इटलीत आला, फॅसिस्ट राजवटीत तेथील जर्मन शाळा बंद झाल्या आणि पालकांनी चोरून मुलांना आपली भाषा शिकवली. सीमा आजही तीच आहे. परंतु १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर तेथे जर्मन शाळा आहेत, पाट्या दोन्ही भाषांत आहेत, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने हा वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधील श्लेस्विगमध्ये १९२० साली लोकमत घेऊन रेषा ठरली, तरी दोन्ही बाजूंना अल्पसंख्याक उरलेच, आणि १९५५ मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या बाजूच्या अल्पसंख्याकांच्या हक्कांची घोषणा केली. कोठे रेषा हलवून उत्तर मिळाले, कोठे रेषा तशीच ठेवून शाळा आणि पाट्या देऊन. आपल्या बाबतीत कोणते योग्य, याविषयी आपले मत पक्के असणार, माझेही आहे. पण मुलाने आपले मत या साऱ्या गोष्टी ऐकून स्वतः बनवावे, असे मला मनापासून वाटते.

आवाज चढला याचे वाईट वाटून घेऊ नये. पुढच्या वेळी बोलण्याआधी ॲटलास समोर उघडून ठेवावा आणि बोट त्याला ठेवू द्यावे. नजर नकाशावर असली की दोघांनाही शांतपणे बोलणे सोपे जाते.

प्रश्न : आमच्या वाचनालयात देणगीतून आलेले जुने नकाशे आणि एक पृथ्वीगोल आहे. त्यांवरून राज्ये शिकवली तर चालेल का? आणि भारतानंतर कोणते देश आधी घ्यावेत?
— एक कार्यकर्ता, बेळगाव तालुका

उत्तर : चालेल, परंतु आधी नकाशाच्या कोपऱ्यात छापलेले साल पाहावे आणि मुलांनाही ते पाहण्याची सवय लावावी. भारताच्या नकाशात तेलंगण वेगळे दिसत नसेल तर तो २ जून २०१४ पूर्वीचा आहे. लडाख वेगळा नसेल तर ३१ ऑक्टोबर २०१९ पूर्वीचा. आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नसेल तर नकाशा १९९९ पूर्वीचा. जुना नकाशा फेकून न देता नव्याच्या शेजारी लावावा आणि दोहोंतील फरक मुलांना शोधू द्यावेत. दोन नकाशांवर एक तास सहज रमतात. पृथ्वीगोलावर मात्र देशांच्या आतील सीमा बहुधा मोठ्या देशांपुरत्याच दाखवलेल्या असतात, त्यामुळे राज्यांसाठी भिंतीवरचा नकाशाच वापरावा.

भारतानंतर शेजारी घ्यावेत. नेपाळ सर्वांत सोपा : २०१५ च्या राज्यघटनेने तेथे सात प्रांत झाले, सुरुवातीला त्यांना केवळ क्रमांक होते आणि नावे प्रत्येक प्रांताच्या सभेने नंतर ठरवली, पहिल्या क्रमांकाच्या प्रांताला कोशी हे नाव २०२३ मध्ये मिळाले. श्रीलंकेत नऊ प्रांत, पाकिस्तानात चार, बांगलादेशात आठ विभाग. हे झाल्यावर ऑस्ट्रेलिया घ्यावा, कारण तेथे राज्ये केवळ सहा आहेत आणि नकाशा मोकळा आहे. अमेरिका, नायजेरिया, ब्राझील हे मोठे देश शेवटी. नायजेरियाची गोष्ट मोठ्या मुलांना अवश्य सांगावी : १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तेथे तीन विभाग होते, १९६७ मध्ये १२ राज्ये झाली आणि १९९६ पर्यंत ती ३६ झाली. नकाशाच्या प्रत्येक आवृत्तीत तो देश आतून वेगळा दिसतो, म्हणून जुने नकाशे असतील तर आपल्याकडे त्याचा धडा विशेष चांगला होईल.